चोरदिंडी आणि यंत्राची साक्ष : ‘बॅकडोअर ट्रोजन’विषयीच्या रूढ समजाची चिकित्सा

प्रस्तावना

संगणकाला होणाऱ्या उपद्रवांविषयी मराठीत जे परिचयपर लेखन झाले, त्यात ‘विषाणू’ हा एकच शब्द सर्व अर्थांनी वापरला गेला. एकविसाव्या शतकाच्या आरंभी ‘एमएस-सीआयटी’ अभ्यासक्रमामुळे संगणक-साक्षरता खेडोपाडी पोहोचली. तिच्याबरोबर ‘ट्रोजन व्हायरस’ हा जोडशब्दही पोहोचला. यंत्र मंदावते, फाइली नाहीशा होतात, म्हणून अँटीव्हायरस बसवावा, अशी या समजाची ढोबळ मांडणी आहे. ती सर्वस्वी चुकीची नाही. परंतु ‘बॅकडोअर ट्रोजन’ या प्रकाराला ती लागू पडत नाही. या प्रकाराचा खरा धोका यंत्र बिघडण्यात नसून ते सुरळीत चालत असतानाच दुसऱ्याच्या इच्छेने आणि मालकाच्या नावाने बोलू लागण्यात आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी आधी संज्ञांची चिकित्सा करून नंतर पुण्याशी निगडित दोन प्रकरणांचा विचार केला आहे.

संज्ञांची चिकित्सा

विषाणू स्वतःच्या प्रती काढतो आणि एका फाइलीतून दुसऱ्या फाइलीत पसरतो. ट्रोजनला पसरण्याची गरज नसते. उपयुक्त वस्तूचे सोंग घेऊन तो येतो आणि वापरकर्ता स्वतःच्या हाताने त्याला आत घेतो. ई-मेलला जोडलेले निमंत्रणपत्र किंवा महागड्या सॉफ्टवेअरचे फुकट मिळालेले ‘क्रॅक’ ही त्याची नेहमीची सोंगे होत. ट्रॉयच्या लाकडी घोड्याची कथा होमरच्या ‘ओडिसी’त येते आणि व्हर्जिलच्या ‘एनीड’मध्ये विस्ताराने येते. घोडा ग्रीकांचा होता, फसले ते ट्रॉयवासी; तरी नाव मात्र फसलेल्यांचे रूढ झाले. फसवणारा अदृश्य राहावा आणि फसलेल्याच्या माथी नाव यावे, हा या संज्ञेतील योगायोग पुढील विवेचनात अर्थपूर्ण ठरतो.

‘बॅकडोअर’साठी मराठीत ‘चोरदरवाजा’ किंवा ‘चोरदिंडी’ हे शब्द सहज सुचतात. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेल्या ‘आज्ञापत्रा’त किल्ल्याला एकच दरवाजा असणे हा मोठा दोष मानला आहे. अधिक दरवाजे व चोरदिंड्या कराव्यात, नित्य वापरास लागतील तेवढ्या चालू ठेवून बाकीच्या चिणून टाकाव्यात, असा तेथील विचार आहे. औंधच्या पंतप्रतिनिधी घराण्याचे मूळपुरुष परशुराम त्रिंबक हे अमात्यांचे समकालीन. त्या पिढीने गड राखण्याचा आणि गमावण्याचा अनुभव प्रत्यक्ष घेतला होता. मात्र हे साम्य एका मर्यादेपर्यंतच नेता येते. गडाची चोरदिंडी गडकऱ्याला ठाऊक असते आणि शत्रूला नसते. संगणकाची चोरदिंडी शत्रूला ठाऊक असते आणि गडकऱ्याला नसते.

दुसरा भेद अधिक महत्त्वाचा आहे. बाहेरून येणारी जोडणी अडवण्यासाठी ‘फायरवॉल’ हा पहारा असतो. आधुनिक बॅकडोअर बहुधा बाहेरून आत येत नाही. आत बसलेला प्रोग्राम स्वतःच बाहेरच्या सर्व्हरशी संपर्क साधतो आणि आज्ञा मागतो. पहारेकऱ्याच्या दृष्टीने तो घरातलाच माणूस असतो. एकदा संपर्क जुळला की दूरवरचा चालक कळफलकावरील अक्षरे टिपू शकतो, पडद्याची छायाचित्रे घेऊ शकतो, फाइली नेऊ शकतो आणि फाइली आणून ठेवूही शकतो. यातील शेवटच्या क्रियेकडे मराठी लेखनाचे सर्वाधिक दुर्लक्ष झाले आहे.

कायद्याची भाषा येथे लोकभाषेपेक्षा नेमकी ठरते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ मध्ये ‘विषाणू’ आणि ‘संगणक-दूषक’ यांच्या स्वतंत्र व्याख्या आहेत. दूषकाच्या व्याख्येत माहिती बदलणे, नष्ट करणे, नोंदवणे, पाठवणे यांबरोबर संगणकाचे नेहमीचे कार्य बळकावणे हेही येते. बॅकडोअरचे मर्म या ‘बळकावणे’ क्रियेत आहे.

पहिले प्रकरण : होकार देणारे यंत्र

पुण्यातील कॉसमॉस सहकारी बँकेची स्थापना १९०६ सालची. ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ या दोन दिवशी या बँकेतून सुमारे ९४ कोटी ४२ लाख रुपये लुटले गेले. पैकी सुमारे ७८ कोटी रुपये २८ देशांतील एटीएम केंद्रांतून, सुमारे १२ हजार व्यवहारांद्वारे, अवघ्या काही तासांत काढले गेले. सुमारे अडीच कोटी रुपये देशातच रुपे कार्डांद्वारे काढले गेले. १३ ऑगस्टला सुमारे १३ कोटी ९२ लाख रुपये ‘स्विफ्ट’ यंत्रणेद्वारे हाँगकाँगमधील एका बँकेच्या खात्यात वळवले गेले. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाने २०१९ च्या अहवालात या प्रकरणाचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला.

हे कसे घडले, यात प्रस्तुत विषयाचे सार आहे. कार्ड यंत्रात घातले की खात्यात रक्कम आहे काय, अशी पृच्छा ‘स्विच’ सर्व्हरमार्फत बँकेच्या मुख्य प्रणालीकडे जाते. दुष्ट प्रोग्रामच्या साहाय्याने येथे एक समांतर, बनावट स्विच उभा करण्यात आला. पृच्छा मुख्य प्रणालीपर्यंत गेलीच नाही. वाटेतच बँकेच्या नावाने होकार दिला गेला. एटीएम यंत्रे बिघडली नव्हती. त्यांना जो होकार मिळाला तो प्रामाणिक मानून त्यांनी नोटा मोजल्या. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले. ते प्रामुख्याने बनावट कार्डांनी रोकड काढणाऱ्या साखळीतले होते. घोडा बनवणारे दूरच राहिले.

दुसरे प्रकरण : साक्ष देणारे यंत्र

३१ डिसेंबर २०१७ रोजी पुण्यात शनिवारवाड्यावर एल्गार परिषद झाली. पुढे पुणे पोलिसांनी १७ एप्रिल २०१८ रोजी केलेल्या झडतीत रोना विल्सन यांचा दिल्लीतील लॅपटॉप जप्त झाला आणि त्यातील पत्रे या खटल्यातील महत्त्वाचा पुरावा ठरली. २०२० च्या जानेवारीत तपास राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे गेला. बचाव पक्षाच्या विनंतीवरून अमेरिकेतील ‘आर्सेनल कन्सल्टिंग’ या संस्थेने लॅपटॉपच्या प्रतिकृतीची तपासणी केली. तिचा अहवाल फेब्रुवारी २०२१ मध्ये प्रकाश्यात आला. १३ जून २०१६ रोजी एका ई-मेलद्वारे ‘नेटवायर’ हा प्रोग्राम लॅपटॉपमध्ये शिरला, सुमारे २२ महिने त्यावर परक्याचा ताबा राहिला आणि ती पत्रे एका लपवलेल्या फोल्डरमध्ये बाहेरून ठेवली गेली, असा अहवालाचा निष्कर्ष आहे. ती पत्रे लॅपटॉपवर कधी उघडली गेल्याचा माग सापडला नाही, असेही त्यात म्हटले आहे. तपास यंत्रणेने हा अहवाल स्वीकारलेला नाही. त्याची सत्यासत्यता पुराव्याच्या कसोटीवर न्यायालयातच ठरायची बाब आहे. प्रस्तुत लेखाचा प्रश्न आरोपींच्या राजकीय विचारांचा नाही. लॅपटॉपमध्ये सापडले म्हणजे लॅपटॉपवाल्याचे, हे अनुमान कितपत टिकते, एवढाच आहे.

हा प्रश्न नवा नाही. १९९९ मध्ये स्वीडनमधील लुंड विद्यापीठातल्या कायद्याच्या एका अभ्यासकाच्या संगणकावर बालकांची अश्लील चित्रे सापडली. ‘नेटबस’ या बॅकडोअर प्रोग्रामद्वारे ती तेथे ठेवली गेली असावीत, हे पुढे आले आणि २००४ मध्ये तो निर्दोष सुटला. मधली पाच वर्षे मात्र कोणतेही न्यायालय परत देऊ शकत नाही.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतच्या प्रमाणपत्रात ‘हॅश’ मूल्य नोंदवावे लागते. ही सुधारणा स्वागतार्ह आहे; पण तिची मर्यादा ओळखली पाहिजे. मूल्य काढल्यानंतर फाइलीत फेरफार झाला नाही, एवढेच हॅश सांगते. त्यापूर्वी फाइल कोणी ठेवली, याविषयी ते मौन पाळते.

उपायांची समीक्षा

अँटीव्हायरस निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नव्हे. मूळच्या सातारा जिल्ह्यातील काटकर बंधूंनी पुण्यात उभारलेल्या ‘क्विक हील’ने या क्षेत्रात मराठी माणसाचे नाव केले. परंतु अँटीव्हायरस मुख्यतः पूर्वी दिसलेल्या खुणांवरून आणि संशयास्पद वर्तनावरून परक्याला ओळखतो. नवे सोंग पहिल्याच दिवशी त्याच्या नजरेतून सुटू शकते. केन थॉम्पसन यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात तर प्रोग्राम तयार करणाऱ्या साधनातच चोरदरवाजा लपवता येतो, हे दाखवून विश्वासाचा प्रश्न अखेर माणसांपाशी येऊन थांबतो, असे सुचवले होते.

म्हणून उपायांचा भर बदलला पाहिजे. न लागणाऱ्या सेवा व दूरस्थ प्रवेशाची साधने बंद करणे म्हणजे आज्ञापत्रातील दिंड्या चिणणेच होय. आत काय येते याबरोबर बाहेर काय जाते, याचीही नोंद ठेवणे आवश्यक आहे. एप्रिल २०२२ मध्ये ‘सर्ट-इन’ने दिलेल्या निर्देशांनुसार सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवणे आणि नोंदी १८० दिवस जपणे संस्थांवर बंधनकारक आहे. औंधसारख्या गावातील पतसंस्था, सेवा केंद्र किंवा महाविद्यालयाचे कार्यालय यांनी तीन गोष्टी खर्चाविना कराव्यात : चोरीचे सॉफ्टवेअर वापरू नये, रोजचे काम प्रशासकाच्या खात्यातून करू नये आणि मोठ्या रकमेच्या होकाराला दुसऱ्या माणसाची स्वतंत्र खातरजमा जोडावी. त्यांपैकी तिसरी सूचना सर्वांत जुनी आणि सर्वांत उपेक्षित आहे.

समारोप

१९३९ मध्ये औंध संस्थानात, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे भिंती-कुलुपांवाचून कैद्यांची वसाहत वसवण्यात आली. तो विश्वास आंधळा नव्हता. कोणावर टाकला आहे हे जाणून, उघडपणे टाकलेला होता. संगणकावरचा आपला विश्वास नेमका याउलट आहे : कुलुपे पुष्कळ, पण आत कोण आहे याची विचारपूस नाही. कॉसमॉसच्या प्रकरणात यंत्राच्या होकाराची फेरतपासणी वेळेवर झाली नाही, म्हणून पैसा गेला. यंत्राच्या साक्षीची फेरतपासणी झाली नाही, तर माणसाचे स्वातंत्र्य जाऊ शकते. बँक असो वा न्यायालय, यंत्र काय सांगते याच्या आधी ते कोणाच्या वतीने सांगते, हे विचारले गेले पाहिजे. ‘विषाणू’ या शब्दाने हा प्रश्न झाकला जातो. ‘चोरदिंडी’ या शब्दाने तो निदान उघडा पडतो.