सतरा ओळींची हाक

रात्री साडेदहाला, नंदुरबारच्या घरातल्या वरच्या खोलीत बसून मी मोबाइलवर एक बटण दाबतो. खाली जिन्याखालच्या कोनाड्यात पंख्याचा एक झोत येतो. मग पहिली हार्डडिस्क फिरू लागते, तिची घरघर हळूहळू चढते, मागोमाग दुसरीची. दहा-बारा सेकंदांत माझ्या लॅपटॉपवर फोल्डर उघडतं: सारंगखेड्याच्या यात्रेतले घोडे, तोरणमाळचा यशवंत तलाव, काठीच्या होळीतले मोरपिसांचे टोप, आणि माझ्या पोटापाण्याची शेकडो लग्नं. मी फोटोग्राफर आहे, आणि जिन्याखालचा तो फाइल सर्व्हर म्हणजे स्टुडिओतून निवृत्त झालेला जुना पीसी. कामापुरता उठतो, काम झालं की झोपतो.

तो चोवीस तास चालू ठेवता येईल. पण नुसता बसून तो ५० वॉट खातो, दिवसाला १.२ युनिट, महिन्याला ३६. मे महिन्यात इथला पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा जिन्याखाली त्याच्या उष्णतेची वेगळी भर नको वाटते. हिवाळ्यात गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर मिरची वाळत पडलेली असते आणि तिकडून वारा सुटला की आपल्यालाच ठसका लागतो. त्या हवेत पंखा विनाकारण फिरत ठेवणंही मनाला पटत नाही. दिवसातले चार तास जागा आणि बाकी वेळ दोन-अडीच वॉटवर झोपलेला असला, तर महिन्याला सात-आठ युनिटांत भागतं. हिशेब एवढाच.

मला बोलायचं आहे ते त्याला उठवणाऱ्या संदेशाबद्दल. इंग्रजीत त्याला ‘मॅजिक पॅकेट’ म्हणतात. एएमडी या कंपनीने नोव्हेंबर १९९५ मध्ये त्याची रचना एका छोट्या टिपणात मांडली. मोठ्या कचेऱ्यांत शेकडो संगणक असत, रात्री सगळे बंद, आणि त्यांची देखभाल करायची तीही रात्रीच. मग प्रत्येक टेबलापाशी जाऊन बटण कोण दाबणार? त्या गरजेतून हा संदेश जन्मला. मी मात्र तो कविता वाचावी तसा वाचतो, कारण त्यात एकही अक्षर वाया गेलेलं नाही.

संपूर्ण संदेश १०२ बाइटांचा. आधी सहा बाइट ‘एफएफ’. त्यानंतर ज्याला उठवायचं त्याच्या नेटवर्क कार्डाचा पत्ता, म्हणजे मॅक अॅड्रेस, लागोपाठ १६ वेळा. संपलं. नमस्कार नाही, सही नाही, ‘ऊठ’ हे क्रियापददेखील नाही.

तो वहीत सहा-सहा बाइटांच्या ओळी करून लिहिला, तर त्याचं वृत्त दिसतं. मॅक अॅड्रेस सहा बाइटांचा असतो, आणि सुरुवातीचे एफएफही सहाच. म्हणजे सतरा ओळी, प्रत्येक ओळ ४८ बिटांची. ना एक मात्रा कमी, ना एक जास्त. पहिली ओळ वेगळी, पुढच्या सोळा एकसारख्या. पालुपद आपण पुष्कळ पाहिलेलं असतं. इथे पहिली ओळ सोडली तर सगळी रचनाच पालुपदाची आहे.

पहिल्या ओळीपाशी थोडं थांबू. ‘एफएफ’ म्हणजे आठही बिट एक. सहा बाइट मिळून सलग ४८ एक. तारेवर याहून एकसुरी काही असूच शकत नाही, आणि तेच तिचं काम आहे: बोलण्याआधीची ती लांब आरोळी. सातपुड्यात धडगावकडे गेलात तर घरं एकमेकांपासून दूर, टेकड्यांवर विखुरलेली दिसतात. या टेकडीवरून त्या टेकडीवरच्या माणसाला काही सांगायचं तर आधी नुसता आवाज लांबवावा लागतो. त्याने मान वळवली की मग नाव घ्यायचं. पहिली ओळ म्हणजे तो लांबवलेला आवाज.

यातली खरी कारागिरी मला फार उशिरा उमगली. कोणत्याही एका यंत्राच्या मॅक अॅड्रेसचा पहिला बाइट ‘एफएफ’ नसतो. त्या बाइटातला शेवटचा बिट एक असेल, तर तो पत्ता एकट्याचा नसून समूहाचा, असा इथरनेटचा नियम आहे. आणि सगळेच बिट एक असलेला पत्ता म्हणजे ‘सर्वांना’. त्यामुळे आरोळी कुठे संपली आणि नाव कुठे सुरू झालं, याबद्दल ऐकणाऱ्याचा घोटाळा होणं शक्यच नाही. सहा एफएफनंतर आलेला पहिला वेगळा बाइट म्हणजे नावाचं पहिलं अक्षर. पहिल्या ओळीत असं नाव आहे जे कुणा एकाचं कधीच असू शकत नाही, म्हणून ते ऐकून भलताच कुणी उठत नाही. मधे स्वल्पविराम नाही, मोकळी जागा नाही, तरी यती चोख सांभाळला आहे.

आता ते सोळा वेळा घेतलेलं नाव. एकदा का पुरत नाही? पुरलं नसतं, कारण यंत्राचं नाव तारेवरून एरवीही सारखं जात असतं. सोळा मोजायला चार बिट पुरतात, आणि आरोळीमागोमाग तेच सहा बाइट न चुकता सोळा वेळा यावेत, असा योगायोग लग्नाचे हजारो फोटो कॉपी करतानाही घडणार नाही. मी ही पुनरुक्ती अशी वाचतो की ती जोर देण्यासाठी नाही, खात्री देण्यासाठी आहे. त्रितालाच्या सोळा मात्रा मोजणाऱ्याला विचारा. आवर्तन पुरं झाल्याशिवाय सम येत नाही. पंधराव्या नावाला यंत्र झोपलेलंच असतं.

हे ऐकतं कोण? प्रोसेसर थांबलेला, डिस्क थांबलेल्या, पंखा थांबलेला. घर झोपावं आणि ओट्यावरचा म्हातारा तेवढा जागा असावा, तसं नेटवर्क कार्ड जागं असतं. पॉवर सप्लायमधून पाच व्होल्टची एक बारीक धार बंद पीसीतही वाहत राहते, तिच्यावर ते जगतं. केबलच्या खोबणीजवळचा हिरवा दिवा रात्रीही लुकलुकतो तो त्यामुळे. पूर्वीच्या बोर्डांवर यासाठी तीन तारांची वेगळी वायर कार्डापासून बोर्डापर्यंत ओढावी लागे: एक विजेची, एक जमिनीची, एक ‘ऊठ’ म्हणून खुणावणारी. त्या जागणाऱ्याला फार काही कळत नाही. फाइल कळत नाही, पासवर्ड कळत नाही, आयपी अॅड्रेसही कळण्याची गरज नाही. त्याला एक नाव माहीत आहे, आणि सोळापर्यंत मोजता येतं. रचनेची थोरवी इथे आहे. लिहिणाऱ्याने ऐकणाऱ्याची झोपेतली कुवत ओळखून तेवढंच लिहिलं.

पाकिटावरचा पत्ताही वाचण्यासारखा आहे. झोपलेल्याचा ठावठिकाणा राउटर काही मिनिटांत विसरतो, म्हणून पत्र एकट्याच्या नावे न पाठवता घरातल्या सगळ्या यंत्रांना पाठवायचं. त्यामुळे बाहेरच्या पत्त्यावरही तेच सहा एफएफ येतात. बाहेर त्यांचा अर्थ ‘सर्वांना’, आत त्यांचा अर्थ ‘लक्ष द्या’. एकाच शब्दाचे दोन अर्थ, दोन जागी, दोन्ही नेमके. आपल्याकडे याला यमक अलंकार म्हणतात. आणि पोर्ट? बहुधा ९ क्रमांकाचं. १९८३ मध्ये जॉन पोस्टेल यांनी या पोर्टाचं काम लिहून ठेवलं: जे येईल ते टाकून द्यायचं. उठवणारं पत्र जाणूनबुजून अशा दारी धाडतात जिथे सगळं फेकलं जातं, कारण दार येण्याआधीच ओट्यावरच्याने ते वाचलेलं असतं. जे जागे आहेत ते ते फेकून देतात, जो झोपला आहे तो उठतो.

उणीवही सांगायला हवी. या हाकेला ओ मिळत नाही. पाठवणाऱ्याला ‘पोहोचलं’ असं कुणी कळवत नाही. पंख्याचा आवाज हेच उत्तर. संदेशाला जोडून पासवर्ड पाठवायची सोय काही कार्डांत आहे, पण तोही उघडाच जातो. माझ्या मते यात भिण्यासारखं काही नाही. नाव माहीत असलेला कुणीही हाक मारू शकतो, पण घरात शिरायला कुलूप वेगळं असतं.

झोपवण्याची बाजू मात्र कुणी अशी रचून दिलेली नाही. ती ज्याची त्याने लिहायची. माझ्या सर्व्हरवर लिनक्स आहे. दर दहा मिनिटांनी एक छोटी स्क्रिप्ट उठते आणि बघते. आधी मी फक्त तारेवरची वाहतूक मोजत असे. एकदा नवरीकडची मंडळी अल्बमसाठी फोटो निवडत बसली होती, चहा आला, कुणाच्या तरी शालूवरून गप्पा निघाल्या, आणि दहा मिनिटांच्या त्या शांततेत सर्व्हर झोपून गेला. पडद्यावरचं फोल्डर रिकामं. नवरीच्या आईचा चेहरा मला अजून आठवतो. तिला वाटलं, फोटो गेले. त्या दिवसापासून माझी स्क्रिप्ट वाहतूक मोजत नाही. कुणी जोडलेलं आहे का, एखादी फाइल उघडी आहे का, बॅकअप चालू आहे का, हे ती विचारते. आणि लागोपाठ तीनदा ‘नाही’ आलं तरच झोपवते. गप्प बसलेला माणूस आणि उठून गेलेला माणूस यांतला फरक यंत्राला शिकवावा लागतो.

कशाने उठायचं, तेही ठरवावं लागतं. लिनक्सवर ‘एथटूल’ या आज्ञेत त्यासाठी एकेका अक्षराची निवड असते. मी आधी ‘यू’ निवडलं होतं, म्हणजे स्वतःच्या नावे आलेला कुठलाही निरोप चालेल. सर्व्हरला डोळा मिटता येईना. कधी टीव्हीची विचारणा, कधी राउटरची. मग ‘जी’ निवडलं: फक्त त्या सतरा ओळी. तेव्हापासून घर शांत आहे.

नंदुरबारला राहणाऱ्याने लाइट जाण्याचा विचार केल्याशिवाय या वाटेला जाऊ नये. झोप दोन प्रकारची. एकीत मेमरीला वीज मिळत राहते आणि पीसी तीन-चार सेकंदांत होता तिथून उठतो. लाइट गेली की ती स्मृती पुसली जाते. दुसरीत तो पुरताच बंद असतो, फक्त ओट्यावरचा जागा. लाइट गेली की तोही झोपतो, आणि लाइट परत आली तरी पुष्कळ पीसींत तो बहिराच राहतो, कारण ‘ऐकत राहा’ हे त्याला दर वेळी जागा झालेला संगणकच सांगत असतो. मी एका पहाटे अर्धा तास हाका मारत होतो. शेवटी खाली जाऊन हाताने बटण दाबलं. उपाय बायोसमध्ये असतो: वीज परतल्यावर आपोआप चालू होण्याची सोय लावायची. लाइट आली की सर्व्हर स्वतः उठतो, कार्डाला कान देतो आणि अर्ध्या तासाने पुन्हा झोपतो. तिथेच ‘ईआरपी’ नावाची एक ओळ दिसेल. युरोपीय संघाने २००८ च्या नियमाने बंद उपकरणांच्या विजेवर मर्यादा घातली, आधी एक वॉट, २०१३ पासून अर्धा. त्यासाठीची ही सोय पाच व्होल्टची ती बारीक धारच तोडते. तिचा हेतू चांगला आहे, पण हाक ऐकायची असेल तर ती बंद ठेवावी लागते.

शहाद्याला लग्नात असताना घरचा सर्व्हर उठवायचा झाला, तर थेट हाक पोहोचत नाही. बाहेरून आलेली ‘सर्वांना’ आरोळी राउटर आत सोडत नाहीत. तिचा दुरुपयोग होऊ लागल्यावर १९९९ मध्ये तसा दंडकच झाला. आणि ते बरंच आहे. माझ्या घरी हाताच्या पंजाएवढा एक रास्पबेरी पाय सतत जागा असतो, तीनेक वॉटवर. मी व्हीपीएनवरून त्याला सांगतो, तो घरातून हाक मारतो. शेजाऱ्याला फोन करून ‘आमच्या पोराला जरा उठवा’ म्हणावं, तसं.

तुमच्या घरी जुना पीसी पडून असेल, तर त्याला वायफायने नव्हे, केबलने जोडा आणि हे करून बघा. उठवण्याआधी लॅपटॉपवर वायरशार्क लावून तो संदेश एकदा पकडा. वायरशार्क एका ओळीत सोळा बाइट दाखवतं, त्यामुळे वृत्त मोडलेलं दिसेल. वही घ्या, आणि सहा-सहाची ओळ करून तो हाताने उतरवा.