एका नावाखाली सहा प्रजाती: कॅपिटेलाचा पेपर वाचताना

पीएचडीच्या प्रपोजलमध्ये 'जनुकीय विश्लेषणातून गुप्त प्रजातींचा शोध' असं शीर्षक टाकायचा विचार असेल, तर सबमिट करण्याआधी एक जुना पेपर वाचा. ज्युडिथ ग्रासल आणि फ्रेडरिक ग्रासल यांचा, १९७६ सालचा, 'सायन्स'मधला. पेपर अगदी छोटा आहे. मी तो तीनदा वाचला. पहिल्यांदा भारावून गेलो, दुसऱ्यांदा शंका आल्या आणि तिसऱ्यांदा स्वतःच्याच कामाची काळजी वाटायला लागली.

आधी पार्श्वभूमी. कॅपिटेला कॅपिटाटा हा चिखलात राहणारा लालसर, दोऱ्यासारखा पॉलिकीट, म्हणजे गांडुळाचा सागरी भाऊबंद. सांडपाण्याने किंवा तेलाने चिखल खराब झाला, इतर प्राणी मेले, की हा झपाट्याने वाढतो. सप्टेंबर १९६९ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर, वेस्ट फालमथजवळ तेलाचा बार्ज खडकावर आदळला, तेव्हाही तिथे नेमकं हेच झालं. म्हणून याला 'प्रदूषणाचा निर्देशक' म्हणायचे. जगात जिथे घाण तिथे कॅपिटाटा, असं सोपं समीकरण.

ग्रासल दांपत्याने या कृमींच्या एन्झाइमांचं इलेक्ट्रोफोरेसिस केलं. कल्पना साधी आहे. एकाच एन्झाइमच्या वेगवेगळ्या रूपांवरचा विद्युतभार थोडा वेगळा असतो, त्यामुळे जेलमधून वीज सोडली की ती वेगवेगळ्या अंतरावर जाऊन थांबतात. पट्टे बघितले की जनुकांमधला फरक कळतो. निष्कर्ष निघाला की कॅपिटाटा ही एक प्रजाती नसून किमान सहा आहेत. बाहेरून जेमतेम फरक, पण जनुकं वेगळी आणि प्रजननाची पद्धतही वेगळी.

आता हा पेपर चांगला का, ते बघू. बरेच जण म्हणतील, 'तंत्र नवीन होतं म्हणून.' मला तसं वाटत नाही. तंत्र जुनं होतंच, आज तर ते कोणी फारसं वापरतही नाही. खरी ताकद दोन गोष्टींत आहे. एक, यातल्या काही प्रजाती एकाच परिसरातल्या होत्या. शेजारी राहूनही दोन गटांचे पट्टे एकमेकांत मिसळत नसतील, संकर दिसत नसेल, तर ते आपापसात प्रजनन करत नाहीत हे जवळपास सिद्धच होतं. दोन, त्यांनी कृमी जिवंत पाळले. अंडी, अळ्या, वाढ सगळं पाहिलं. म्हणजे जेलवर दिसलेला फरक प्राण्याच्या जगण्यातही दिसला.

याउलट आजचे अनेक बारकोडिंग पेपर बघा. नमुना घेतला, सीओआय जनुकाचा साधारण ६५० अक्षरांचा तुकडा वाचला, झाड काढलं, फांद्या मोजल्या आणि 'इतक्या गुप्त प्रजाती' असं जाहीर केलं. सीओआय हे मायटोकॉन्ड्रियातलं जनुक, बहुतेक प्राण्यांत ते फक्त आईकडून येतं. त्यात संकर दिसणारच नाही. त्यात एक नमुना एका देशातला, दुसरा हजारो किलोमीटर दूरचा, आणि मधल्या किनाऱ्यावरचं काहीच नाही. मग दिसणारी दरी ही प्रजातींमधली आहे की आपण मधले नमुने न घेतल्यामुळे पडलेली? ग्रासल यांच्या पेपरमध्ये या प्रश्नाला उत्तर आहे. अशा पेपरांत बऱ्याचदा प्रश्नच नसतो.

पण म्हणून १९७६ चा पेपर निर्दोष आहे असं नाही. माझी मोठी तक्रार नावांबद्दल आहे. सहा प्रजाती सापडल्या, पण त्यांना नुसते रोमन आकडे दिले गेले. यातली 'कॅपिटेला एक' पुढे प्रयोगशाळांची लाडकी झाली, तिच्यावर ढीगभर संशोधन झालं, पण तिला कॅपिटेला टेलेटा हे रीतसर नाव मिळायला २००९ साल उजाडलं. तब्बल ३३ वर्षं! वर्णन नाही, जपून ठेवलेला अधिकृत नमुना नाही, तर दुसऱ्या देशातल्या विद्यार्थ्याने आपला कृमी तोच आहे हे ठरवायचं कसं? दुसरं म्हणजे, मूळ कॅपिटाटाचं वर्णन फॅब्रिसियसने १७८० मध्ये ग्रीनलंडच्या नमुन्यांवरून केलं होतं. 'खरी' कॅपिटाटा कोणती, हे ग्रीनलंडला परत गेल्याशिवाय ठरत नाही. ते कामही २००९ मध्येच झालं. प्रजाती वेगळ्या आहेत हे जनुकं सांगतील, पण जुनं नाव कोणाकडे जाईल हे फक्त मूळ ठिकाणचा नमुना सांगतो.

याचा आपल्याशी काय संबंध? आपल्याकडच्या बेंथॉसच्या अहवालांत, मुंबईपासून विशाखापट्टणमपर्यंत, कॅपिटेला कॅपिटाटा हे नाव दिसतं. आपण ओळख पटवतो ती बहुधा फॉवेलच्या १९५३ च्या किंवा डेच्या १९६७ च्या पुस्तकावरून. दोन्ही पुस्तकं अफाट मेहनतीची आहेत, पण ती लिहिली गेली तेव्हा एक नाव जगभर चालायचं. पहिल्या वर्षी मीही खाडीतला चिखल चाळला, कृमी फॉर्मॅलिनमध्ये टाकले आणि तक्त्यात बिनधास्त 'कॅपिटाटा' लिहिलं. नंतर डीएनए काढायला बसलो तर हाती काहीच लागेना. फॉर्मॅलिनने डीएनएची वाट लावली होती. दोन हंगामांचे नमुने आता फक्त मोजण्यापुरते उरलेत. चूक माझीच, कारण हा पेपर मी उशिरा वाचला.

आणि हा प्रश्न फक्त नावापुरता नाही. कॅपिटेला गट घाणीत फोफावतो हे आजही खरं आहे. पण गटातल्या सगळ्यांची सहनशक्ती सारखीच आहे, हे गृहीत धरता येत नाही. एका वर्षी एक प्रजाती आणि दुसऱ्या वर्षी दुसरी आली, तरी आपल्या तक्त्यात आकडा एकाच रकान्यात पडणार. त्या आकड्यावरून खाडी सुधारली की बिघडली, हे आपण ठरवणार आणि त्यावर कोणीतरी परवानगी देणार.

म्हणून प्रपोजल लिहिताना चार प्रश्न स्वतःला विचारा. काही नमुने फॉर्मॅलिनऐवजी इथेनॉलमध्ये ठेवणार का? सीओआयच्या जोडीला केंद्रकातलं किमान एक जनुक घेणार का? एकाच जागचे पुरेसे नमुने आहेत का? आणि नवीन प्रजाती सापडलीच, तर तिचं वर्णन करून नमुना संग्रहालयात ठेवणार का, की 'प्रजाती एक' म्हणून सोडून देणार?

तोवर तक्त्यात 'कॅपिटेला, प्रजाती अनिश्चित' असं लिहा. गाईड कदाचित कपाळाला आठ्या घालतील. हा पेपर त्यांच्यापुढे ठेवा.