मदतीच्या पाकिटावर कोणाचा फोटो?

आता बघा, ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर पाण्याखाली होतं, आणि पूरग्रस्तांच्या सरकारी धान्याच्या पाकिटांवर मुख्यमंत्र्यांचा नि स्थानिक आमदारांचा फोटो होता. २०१५ ला चेन्नईच्या पुरात मदतसाहित्यावर जयललितांची स्टिकरं होती. पक्ष वेगळे, रीत तीच. धान्य जनतेच्या पैशाचं. पण स्टिकर लागलं की हक्काचं दान होतं आणि नागरिकाचा याचक. दाता मग ‘आपली’ माणसं आधी बघतो. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ चं कलम ६१ मदतीत लिंग, जात, समुदाय, वंश, धर्म यांवरून भेदभाव नको म्हणतं. पक्षाचा उल्लेख त्यात नाही. तो हवा. आणि पंचनाम्याची यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावी, कोणाच्याही फोटोशिवाय.