चौदा इंजेक्शनांचा धडा

लस घेतल्याने शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच पेशींवर उलटते का? असा प्रश्न वर्गात आला, की दोन ठरावीक उत्तरे ऐकू येतात. ‘लस पूर्णपणे सुरक्षित असते’ हे एक आणि ‘लशींमुळेच असे आजार वाढले’ हे दुसरे. आमच्या मते दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. एवढेच नव्हे, तर पहिल्या उत्तरातील खोटेपणा उघडा पडला, की दुसऱ्याला बळ मिळते.

पालघर-बोईसरच्या विद्यार्थ्यांनी घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे. कुत्रा चावल्यावर पोटात घ्यावी लागणारी चौदा इंजेक्शने त्यांच्या पिढीला ठाऊक असतात. ही लस डेव्हिड सेंपल यांनी १९११ मध्ये कसौली येथे तयार केली. तीत मेंढीच्या मेंदूत वाढवलेले रेबीजचे विषाणू फिनॉलने निष्क्रिय केलेले असत. मात्र लशीबरोबर मेंदूचा अंशही शरीरात जाई. मज्जातंतूंवर मायलिनचे आवरण असते. मेंढीचे आणि माणसाचे मायलिन बरेचसे सारखे असल्यामुळे काही जणांची प्रतिकारयंत्रणा त्यांच्या स्वतःच्याच मायलिनवर हल्ला करी. त्यातून लकवा येई, प्रसंगी मृत्यूही ओढवे. काही शेकडा ते काही हजार जणांमागे एक, असे हे प्रमाण ठिकाणानुसार बदलत असे.

म्हणजे लशीमुळे असा आजार होऊ शकतो, हे खरेच आहे. पण ते सिद्ध कसे झाले, ते पाहू. १९३३ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टॉमस रिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी सशाच्या निरोगी मेंदूचा अंश माकडांना वारंवार टोचला. त्यात रेबीजचा विषाणू नव्हता, तरीही काही माकडांच्या मेंदूला दाह झाला. दोष मेंदूच्या अंशाचा होता. १९८७ मध्ये थायलंडमधील अशा रुग्णांत मायलिनमधील प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडेही सापडली.

कोणती लस, तिच्यातील कोणता घटक, कोणता आजार आणि लस न घेतलेल्यांत त्याचे प्रमाण किती, हे चार प्रश्न सरसकट आरोप करणारे विचारत नाहीत. लहानपणी लस घेतलेल्या मुलाला पुढे मधुमेह झाला, एवढ्याने कारण ठरत नाही. डेन्मार्कमध्ये १९९० ते २००० या काळात जन्मलेल्या सुमारे ७ लाख ४० हजार मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. बालपणीच्या लशी आणि पहिल्या प्रकारचा मधुमेह यांचा संबंध त्यांत आढळला नाही. याउलट अमेरिकेत १९७६ मधील स्वाइन फ्लूच्या लशीनंतर गियाँ-बारे या मज्जातंतूंच्या आजाराचा साधारण लाखामागे एक जादा रुग्ण आढळला, तोही अशाच तुलनेतून. शिवाय रोगजंतूही हेच करतात. घशातील स्ट्रेप्टोकोकसनंतर येणारा संधिवाताचा ताप हे त्याचे आपल्याकडील परिचित उदाहरण.

आमची खरी तक्रार दिरंगाईबद्दल आहे. पेशींवर वाढवलेली, मेंदूचा अंश नसलेली लस १९७० च्या दशकातच आली होती. ती महाग, म्हणून सरकारी दवाखान्यातील गरिबाच्या वाट्याला जुनीच लस येत राहिली. भारतात ती २००४ च्या अखेरीस थांबली.

आजची लस दंडात किंवा त्वचेत देतात आणि तिची मोजकीच इंजेक्शने लागतात. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर मात्र रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही. तेव्हा शिक्षकांनी जुन्या लशीचा इतिहास लपवू नये. तो सांगून झाल्यावर हेही सांगावे, की कुत्रा चावल्यास जखम साबणाच्या वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा.