रागाचा थाट आणि रागाचे चलन

विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांचा ‘हिंदुस्तानी संगीतपद्धती’ हा चार भागांचा ग्रंथ मुळात मराठीत लिहिलेला आहे, याचे स्मरण आज आपणांस फारसे उरलेले नाही. गुरुशिष्यसंवादाच्या रूपाने मांडलेल्या या विस्तृत ग्रंथातून विद्यार्थ्याच्या हाती बहुधा दहा थाटांचे एक कोष्टक येते, आणि ते पाठ झाले की रागविचार आटोपला असे मानले जाते. त्या थाटविचाराचे परीक्षण येथे योजिले आहे. संगीतशास्त्राचा अधिकार प्रस्तुत लेखकास नाही; परंतु व्याकरण आणि व्यवहार यांच्या संबंधाचा जो प्रश्न भाषाभ्यासकास नित्य भेटतो, तोच येथे निराळ्या वेषात उभा आहे, एवढ्याच भूमिकेवरून हे धाडस केले आहे.

प्रथम भातखंड्यांचे ऋण मान्य केले पाहिजे. त्यांच्यापूर्वी उत्तरेत राग, त्यांच्या भार्या आणि पुत्र अशी कुटुंबव्यवस्था सांगण्याची रीत होती. अमुक रागिणी अमुक रागाची भार्या का, याचे उत्तर स्वरांतून मिळत नसे. निरनिराळ्या मतांच्या याद्याही परस्परांशी जुळत नसत. भातखंड्यांनी ठिकठिकाणच्या गायकवादकांकडून चिजा मिळविल्या, जुने ग्रंथ तपासले आणि प्रत्यक्ष प्रचारातील गायनास, म्हणजे ‘लक्ष्या’स, प्रमाण मानले. सतराव्या शतकात व्यंकटमखीने गणिताने सिद्ध केलेल्या ७२ मेळांची कल्पना त्यांच्यासमोर होती. तीतून प्रचारातील रागांस पुरतील असे बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी व तोडी हे दहाच थाट त्यांनी स्वीकारले. कानास पडताळता येईल अशा आधारावर वर्गीकरण उभारणे, हे त्यांचे कार्य थोर आहे यात संशय नाही.

आता त्या वर्गीकरणाचा कस पाहू. थाट म्हणजे सात स्वरांचा क्रम. ज्या थाटाच्या स्वरांत राग बसेल, तो राग त्या थाटाचा. भूप व देशकार हे दोन राग घ्यावेत. दोहोंतही सा, रे, ग, प, ध हे पाचच स्वर, आणि तेही शुद्ध. बिलावल व कल्याण या थाटांत भेद आहे तो केवळ मध्यमाचा: पहिल्यात तो शुद्ध, दुसऱ्यात तीव्र. या रागांत तर मध्यम मुळीच नाही. अर्थात स्वरांच्या पुराव्यावर दोन्ही राग दोन्ही थाटांत सारखेच बसतात. तरीही भातखंड्यांनी भूप कल्याण थाटात व देशकार बिलावल थाटात घातला. हा निर्णय नियमाने दिलेला नसून कानाने दिलेला आहे. भूपात गांधार वादी आणि विस्तार मुख्यतः पूर्वांगात. देशकारात धैवत वादी आणि सारा ओढा उत्तरांगाकडे. कान बरोबर आहे. अपुरा आहे तो नियम.

मारवा, पूरिया व सोहनी यांच्या बाबतीत तर थाट मौनच धरतो. तिघांचे स्वर तेच, थाटही मारवा हाच. परंतु मारव्यात ऋषभ-धैवतांचे प्राबल्य असून षड्ज पुष्कळ वेळ टाळला जातो. पूरियाचा जीव मंद्र सप्तकात आहे. सोहनी तार षड्जाभोवती खेळते. म्हणजे रागास रागपण देणारी गोष्ट स्वरसंख्येत नसून स्वरांच्या चलनात आहे.

भाषेचे उदाहरण आपल्या परिसरातूनच देता येईल. ‘तो जेवून राहिला’ हे वाक्य पुण्यात उच्चारले, तर तो जेवला आणि मग मुक्कामास थांबला असा अर्थ होईल. वर्ध्यास त्याचा अर्थ तो या क्षणी जेवत आहे असा होतो. शब्द तेच, प्रत्यय तेच, क्रमही तोच; भेद आहे तो भाषकसमाजाच्या वहिवाटीत. केवळ वर्णमाला व कोश हाती असलेल्यास तो कळणार नाही.

हीच गोष्ट कालभेदाची व परंपराभेदाची. बिहाग बिलावल थाटात नोंदला गेला; पुढे त्यात तीव्र मध्यमाचा प्रयोग इतका रुळला की आज तो त्या रागाची ओळखच झाला आहे. आसावरी थाटात शुद्ध ऋषभ घेतला गेला, तरी कोमल ऋषभाची आसावरी गाणारी परंपराही टिकून आहे. यांपैकी एकीस अशुद्ध म्हणणे, हे बोलीस बिघडलेली प्रमाणभाषा म्हणण्यासारखेच होय.

हा प्रश्न वर्धा जिल्ह्यात अधिक निकडीचा आहे. ग्वाल्हेर, आग्रा, किराना यांप्रमाणे वर्ध्याच्या नावाचे घराणे नाही. येथील विद्यार्थ्यास राग प्रथम भेटतो तो बहुधा पाठ्यपुस्तकातून, परीक्षेतून किंवा प्रार्थनेतून. १९३६ साली गांधीजी तेव्हाच्या शेगावी, म्हणजे आजच्या सेवाग्रामी, राहावयास आले आणि सामुदायिक प्रार्थनेची साबरमतीची परंपरा तेथे रुजली. विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे यांनी सिद्ध केलेल्या ‘आश्रम भजनावली’त पदांच्या शिरोभागी रागनाम छापलेले असते. नरसी मेहतांचे ‘वैष्णव जन तो’ हे पद खमाजाशी जोडलेले आहे. ज्यास खमाज हा केवळ थाट म्हणून ठाऊक आहे, तो त्या नावावरून एवढेच समजेल की निषाद कोमल व इतर स्वर शुद्ध. परंतु झिंझोटी, तिलंग व देस हेही त्याच थाटाचे. शिरोभागीचे ते नाव ही व्याख्या नव्हे. ज्याने खमाज ऐकलेला आहे त्याच्यासाठी ती खूण आहे. ऐकण्याची परंपरा तुटली की खूण उरते आणि खुणेने दाखवायची वस्तू नाहीशी होते.

यावर असा आक्षेप येईल की थाट ही अध्यापनाची सोय आहे. तिच्याकडून अधिक अपेक्षा करू नये. हे मान्य आहे. परंतु परीक्षेत जे विचारले जाते तेच शास्त्र ठरते, आणि थाट विचारणे सोपे असल्यामुळे सोयीचा सिद्धांत बनतो. यास उपाय भातखंड्यांच्या ग्रंथातच आहे. कोष्टकाबाहेर, त्या संवादांत, गुरू जवळजवळच्या रागांची तुलना करतो, भेद कोठे ऐकावा ते दाखवितो, मतभेद लपवीत नाही. भूपासमोर देशकार आणि पूरियासमोर मारवा ठेवून शिकविले, आणि मूळ मराठी संवाद वर्गात वाचले, तर कोष्टकास त्याचे उचित, म्हणजे दुय्यम, स्थान मिळेल. संगीताच्या व मराठीच्या अध्यापकांनी हे काम एकत्र हाती घ्यावे, अशी प्रस्तुत लेखकाची विनंती आहे.