टॉमस सेडरबर्ग यांचे भूमितीय संशोधन : एक चिकित्सा

ब्रिगहॅम यंग विद्यापीठात अध्यापन केलेल्या टॉमस सेडरबर्ग यांच्या कार्यात १९८६ मधील, स्कॉट पॅरी यांच्यासमवेत मांडलेली मुक्त विरूपण पद्धती व २००३ मधील टी-स्प्लाइन महत्त्वाची ठरतात. नर्ब्स पृष्ठभागात एक नियंत्रणबिंदू वाढवावयाचा तर संपूर्ण ओळ वाढवावी लागते. टी-स्प्लाइनमध्ये ती मध्येच थांबविता येते. ही काटकसर निर्विवाद होय. तथापि काही टी-जाळ्यांत आधारफलने परस्परांपासून रेषीयदृष्ट्या स्वतंत्र राहत नाहीत, हे बुफा, चो व सांगाली यांनी २०१० मध्ये दाखविले. अभियांत्रिकी विश्लेषणास हा दोष बाधक होता. २०१२ मध्ये त्यावर उपाय मांडणाऱ्यांत स्वतः सेडरबर्गही होते. आपल्याच सिद्धांताची मर्यादा स्वीकारून ती दूर करण्याची ही वृत्ती पुरस्कारांहून अधिक मोलाची आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.