‘रिकाम्या जागा भरा’ : इंग्रजीच्या एका सरावपद्धतीची चिकित्सा

प्रास्ताविक :
महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांत २००० पासून पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी हा विषय शिकविला जातो. पदवीच्या प्रथम वर्षात प्रवेश घेणारा विद्यार्थी बारा वर्षे ‘रिकाम्या जागा भरा’ या प्रकारचे प्रश्न सोडवून आलेला असतो. तरीही स्वतःच्या गावाविषयी पाच वाक्ये सलग लिहावयास सांगितली की तो अडखळतो, हा आपल्यापैकी अनेकांचा अनुभव आहे. एवढ्या सरावाचे फळ एवढे अल्प का, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचा प्रयत्न केला आहे. दोष रिकाम्या जागेचा नाही. ती कोठे ठेवली जाते आणि उत्तर कसे तपासले जाते, यात तो आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

पद्धतीचा उगम :
उताऱ्यातील शब्द ठरावीक अंतराने गाळून ते वाचकाकडून भरून घेण्याच्या पद्धतीला विल्सन टेलर यांनी १९५३ मध्ये ‘क्लोझ’ हे नाव दिले. अपूर्ण आकृती मन आपोआप पूर्ण करते, या गेस्टाल्ट मानसशास्त्रातील कल्पनेवरून ते घेतले आहे. टेलर यांना मुळात वाचकाचे ज्ञान मोजावयाचे नव्हते. लेखन किती सुबोध आहे, हे मोजावयाचे होते. म्हणून मूळ लेखकाचा नेमका शब्द आला तरच गुण, हा नियम तेथे सयुक्तिक होता. पुढे हीच पद्धत परभाषा शिकणाऱ्यांच्या परीक्षेसाठी स्वीकारली गेली. १९७० च्या दशकात जॉन ऑलर यांनी तिचा जोरदार पुरस्कार केला. याउलट, किती शब्दांनंतर एक शब्द गाळावयाचा हे बदलले की कसोटीही बदलते, असे चार्ल्स ऑल्डरसन यांनी १९७९ मध्ये दाखवून दिले. कोणता शब्द गाळावा, हा निर्णय यांत्रिक असू नये, हा धडा त्यातून घ्यावयास हवा.

सुटे वाक्य व सलग उतारा :
आपल्या सरावपुस्तिकांत बहुधा सुटी वाक्ये असतात. ‘—— फार्मर सोल्ड हिज काऊ’ या वाक्यात ‘अ’ भरावे की ‘द’? व्याकरणदृष्ट्या दोन्ही बरोबर आहेत. शेतकऱ्याचा उल्लेख आधी येऊन गेला आहे काय, यावर उत्तर अवलंबून आहे आणि तेच विद्यार्थ्याला दिलेले नाही. उपपदाची निवड अनेकदा मागील वाक्यावरून होते. म्हणून सुट्या वाक्यातून उपपद शिकविणे म्हणजे संदर्भ काढून घेऊन संदर्भाची परीक्षा घेणे होय. उभयान्वयी शब्दांचेही तसेच. ‘पाऊस भरपूर झाला’ आणि ‘विहीर कोरडी राहिली’ या दोन वाक्यांमध्ये ‘देअरफोर’ येणार नाही, ‘हाउएव्हर’ येईल, हे दोन्ही वाक्यांचा अर्थ लागल्यावरच कळते.

मातृभाषेचा संदर्भ :
रिकामी जागा कोठे ठेवावी, याचे मार्गदर्शन मराठी करू शकते. ‘सोमवारी’, ‘सकाळी’, ‘रात्री’ या तिन्ही रूपांत मराठीत एकच ‘ई’ येते. इंग्रजीत मात्र अनुक्रमे ‘ऑन’, ‘इन’ आणि ‘ॲट’ अशी तीन शब्दयोगी अव्यये लागतात. ‘जरी–तरी’ या जोडीच्या सवयीमुळे आपला विद्यार्थी ‘ऑल्दो’ नंतर ‘बट’ हमखास लिहितो. ज्या ठिकाणी दोन भाषांची घडण वेगळी आहे, त्या ठिकाणी शब्द गाळल्यास सराव सार्थ होतो. अन्यत्र तो केवळ जागा भरण्याचा उपचार ठरतो.

उत्तरसूचीचा प्रश्न :
प्रस्तुत लेखकाने एका अंतर्गत चाचणीत दुष्काळावरील उतारा दिला होता. टँकर न आल्याने गावकरी कसे झाले, या अर्थाच्या वाक्यात शब्द गाळला होता. उत्तरसूचीत ‘अँग्री’ होते. एका विद्यार्थ्याने ‘थर्स्टी’ लिहिले व सूचीप्रमाणे त्याला शून्य मिळाले. उत्तरपत्रिका परत देताना तो म्हणाला, “सर, टँकर आला नाही की आधी तहान लागते, राग नंतर येतो.” त्याचे उत्तर अर्थाने व व्याकरणानेही निर्दोष होते. उतारा त्याला पूर्ण समजला होता. किंबहुना उत्तरसूची करणाऱ्यापेक्षा अधिक समजला होता. त्या उत्तराला गुण दिले, परंतु त्यापूर्वीच्या चाचण्यांत असे किती शब्द खोडले गेले असतील, ही रुखरुख कायम आहे. लेखनाची सुबोधता मोजण्यासाठीचा ‘नेमका शब्द’ हा निकष विद्यार्थ्याला लावला की समजलेला विद्यार्थीही नापास ठरतो.

मर्यादा व सूचना :
मोठ्या वर्गात ही पद्धत तपासणीस सोयीची आहे, हे मान्य केले पाहिजे. मात्र एक शब्द भरणे म्हणजे वाक्य रचणे नव्हे. लेखनाची जागा ती घेऊ शकत नाही. या मर्यादेत पुढील सूचना कराव्याशा वाटतात.
१) सुट्या वाक्यांऐवजी विद्यार्थ्यांच्या परिचयाच्या विषयावरील सलग उतारा घ्यावा व त्याचे पहिले वाक्य अखंड ठेवावे.
२) एका उताऱ्यात एकच उद्दिष्ट ठेवून शब्द गाळावेत : उपपदे, शब्दयोगी अव्यये किंवा शब्दसंपत्ती.
३) तपासणीपूर्वी ग्राह्य पर्याय ठरवावेत व अनपेक्षित योग्य उत्तरासाठी सूची खुली ठेवावी.
४) उत्तराचा आधार कोणत्या वाक्यात आहे, हे विद्यार्थ्याने दाखवावे, प्रसंगी मराठीतून सांगितले तरी चालेल.
५) शेवटी उतारा झाकून त्याच विषयावर चार-पाच वाक्ये स्वतः लिहावयास लावावीत.

समारोप :
रिकामी जागा हे विद्यार्थ्याला विचार करावयास लावणारे साधन आहे. आपण तिला पाठांतराची पावती करून टाकले. विद्यार्थ्याने कोणता शब्द भरला, याबरोबरच तो का भरला, हे आपण विचारू लागलो, तर हाच जुना प्रश्न वर्गात भाषा शिकवू लागेल.